पडद्यामागचा स्पीकर

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हर्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीतल्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, पडद्याआडून आणि समोर मांडूनही. गाणी तीच, खोली तीच, कान तेच. तरी त्यांनी आवाजाला दिलेले गुण बदलले. दिसत असताना मोठ्या, भारदस्त स्पीकरांचे गुण चढले आणि पडद्याआड चांगला ठरलेला छोटा स्वस्त संच घसरला. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पडद्याआड स्पीकरची जागा हलली की श्रोत्यांना आवाज बदललेला कळत होता. स्पीकर दिसत असताना तो बदल त्यांच्या गुणांत फारसा उमटलाच नाही. कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना खरंच तसं ऐकू येत होतं.

म्हणून स्पीकर निवडताना परीक्षणातली ‘उबदार’, ‘मोकळा’ ही विशेषणं मी नंतर वाचते. लिहिणाऱ्याला किंमत आणि नाव आधीच ठाऊक असतं. आधी बघते आलेख: २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत कुठला स्वर किती जोरात येतो. पडद्याआडच्या चाचण्यांत बहुतेकांना सपाट, खाचखळगे नसलेली रेषा आवडते, हे अनेक वर्षांच्या कामातून दिसलं आहे. खर्जाचं मात्र आलेखावरून ठरवू नये. साधारण २०० हर्ट्झच्या खाली तुमच्या खोलीच्या भिंतीच आवाज घडवतात, आणि खर्ज किती हवा याबद्दल आवडीही खरोखर वेगळ्या असतात.

दुकानात एक काळजी घ्यायलाच हवी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर ‘भरदार’ वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. तुलना करायच्या दोन्ही स्पीकरांचा आवाज फोनवरच्या डेसिबल मीटरने सारखा करून घ्या.

मी तंबोरा आणि तबला असलेलं एकच ध्वनिमुद्रण नेते. तंबोरा घरात रोज वाजत आलाय, त्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, कानात बसली आहे. स्पीकरांकडे पाठ करून बसते आणि अदलाबदल भावाला करायला सांगते. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा घुमारा एका ओघात चढायला हवा. मागच्या वेळी एका स्पीकरवर तो मध्येच एका जागी फुगत होता. तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा तिथेच. वळून पाहिलं, तर सकाळपासून मनात भरलेला तोच होता.