सारखीच गाणी लावणारी एफएम स्टेशनं (सोलापूर)

एका शहरात तीन-चार एफएम स्टेशनं, मालक वेगळे, जिंगल वेगळी, आरजेचा आवाज वेगळा, पण गाणी जवळपास तीच, याला रेडिओच्या धंद्यात 'फॉरमॅट ओव्हरलॅप' म्हणतात. सोलापुरात सात रस्त्यावरून अशोक चौकाकडं निघालेला रिक्षावाला चॅनल बदलत बदलत 'कुठंबी लाव, तेच लागतंय की बे' म्हणतो, त्याचा अर्थ तोच.

लोकांना वाटतं की हा आरजेंचा आळस आहे किंवा त्यांना गाण्यातलं काही कळत नाही. तसं नाहीये. आरजे बहुतेक वेळा गाणं निवडतच नाही, आणि जो निवडतो त्याचं गणित अगदी पक्कं असतं.

गणित असं. समजा शहरात ऐकणारे 100 जण आहेत (आकडे नुसते समजायला घेतलेत). 70 जणांना नवी हिंदी फिल्मी गाणी पाहिजेत, 20 जणांना मराठी, 10 जणांना कन्नड-तेलुगू. पहिलं स्टेशन हिंदीच लावणार, उघड आहे. दुसरं आलं, त्यानं मराठी लावलं तर 20 मिळतात आणि हिंदी लावून पहिल्याशी वाटून घेतले तर 35, मग तो हिंदीच लावणार. तिसरा आला तरी 70 भागिले 3 म्हणजे 23 च्या वर, अजून 20 पेक्षा जास्तच. चौथा आला की मात्र हिंदीत साडेसतराच उरतात, तेव्हा कुठं मराठीचा नंबर लागतो. आणि कन्नड-तेलुगूवाले 10 जण? हिंदीत सात जण वाटेकरी झाल्यावरसुद्धा प्रत्येकाला बरोबर 10 मिळतात, म्हणजे त्यांचा विचार व्हायला शहरात आठ-नऊ स्टेशनं तरी पाहिजेत. हे गणित अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी 1952 साली रेडिओवरच मांडलं होतं. त्याच्या आधी 1929 मध्ये हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी दुकानांबद्दल तशीच गोष्ट सांगितली होती, की एका रस्त्यावरच्या दोन रसवंत्या दोन टोकांना न थांबता सरकत सरकत मधोमध एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. गड्ड्याच्या जत्रेत स्टॉलची रांग बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

स्टायनरच्या मांडणीतला गमतीचा भाग पुढं आहे. तिन्ही स्टेशनं एकाच मालकाची असती तर त्यानं स्वतःचेच श्रोते तीनदा वाटून घेतले नसते, एकावर हिंदी, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर कन्नड-तेलुगू लावून शंभरच्या शंभर गोळा केले असते. म्हणजे स्पर्धेनं विविधता येते हे आपण शाळेत शिकलो ते इथं उलटं पडतं! नुसतं कागदावरचंही नाही हे, अमेरिकेत 1996 च्या कायद्यानं रेडिओ कंपन्यांना भरपूर स्टेशनं घ्यायची मुभा मिळाली आणि त्यानंतरच्या आकड्यांवर बेरी आणि वॉल्डफोगेल या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवलं की विलीनीकरणानं स्टेशनांचे प्रकार वाढले. सोलापुरात हा रस्ता बंदच आहे, कारण आपल्याकडं केंद्र सरकारच्या 2005 च्या एफएम धोरणात एका कंपनीला एका शहरात एकच चॅनल होतं आणि 2011 च्या धोरणात एकाला शहरातल्या चॅनलपैकी जास्तीत जास्त 40 टक्के. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख, म्हणजे 3 ते 10 लाखाच्या 'क' गटातलं शहर, अशा शहराला खासगी चॅनल साधारण चार. चारातले 40 टक्के म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश स्टेशन, आणि सहा दशांश स्टेशन कुणाला काढता येत नाही.

खासगी एफएमची सुरुवात देशात जुलै 2001 मध्ये बेंगळुरूत झाली. 2005 च्या धोरणानंतर मधल्या आकाराची शहरं आली, त्यात सोलापूर, आणि इथं रेडिओ सिटी 91.1, बिग 92.7 अशी देशभर जाळं असलेली नावं आली. एका शहरातल्या दोन स्टेशनांमध्ये 0.8 मेगाहर्ट्झचं अंतर ठेवतात, म्हणून आकडे 91.1, 91.9, 92.7, 93.5 असे चालतात. टॉवरसुद्धा एकच, शहरातल्या सगळ्या खासगी स्टेशनांनी एकाच जागेवरून प्रक्षेपण करायचं असं धोरणातच आहे, म्हणजे भांडण करणारे सगळे एकाच वाड्यातले भाडेकरू.

जाळ्यातलं स्टेशन असलं की गाण्यांची यादी बऱ्याचदा शहराबाहेर बनते. धोरणानं आपल्याच स्टेशनांमध्ये कार्यक्रम वाटून घ्यायला, म्हणजे नेटवर्किंगला परवानगी दिलेली आहे आणि लहान बाजारात खर्च वाचवायला त्याचा उपयोग होतो. यादी झाली की ती शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते, तासाचं एक गोल घड्याळ असतं, त्यात कुठं नवं हिट, कुठं दोन वर्षं जुनं, कुठं ब्रेक हे ठरलेलं. सगळ्यात नवी पाच-सहा गाणी 'हाय रोटेशन'वर, ती दिवसातून कितीतरी वेळा परत येतात. ही पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या टॉड स्टोर्झच्या 'टॉप 40' मधून आली, त्यामागचा विचार एवढाच की माणूस चॅनल लावतो तेव्हा आवडतं गाणं लागलेलं पाहिजे, नाहीतर तो पळतो. अनोळखी गाण्यावर लोक चॅनल बदलतात आणि ओळखीच्यावर थांबतात, त्यामुळं नवीन काही लावणं हा प्रत्येक स्टेशनला धोका वाटतो.

रॉयल्टी महाग म्हणून जुनी किंवा वेगळी गाणी लावत नाहीत असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. ऑगस्ट 2010 च्या कॉपीराइट बोर्डाच्या आदेशानं रॉयल्टी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के ठरली होती, सप्टेंबर 2020 पर्यंत. गाणं कुठलंही लावा, टक्का तोच. डिसेंबर 2020 च्या आदेशानं दर गाणी वाजण्याच्या तासांवर आला, तरी तासाचा दर काही गाणं नवं की जुनं बघून बदलत नव्हता.

खरी अडचण दुसरी, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. 2011 च्या धोरणानं आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावायची सोय झाली, तेवढंच. वर्तमानपत्रं निदान बातमीवरून वेगळी पडतात, रेडिओकडं गाणं आणि बडबड सोडून हातात काहीच नाही. शिवाय कुणाला किती ऐकतात हे मोजणारी 'रॅम' नावाची पद्धत चारच महानगरांपुरती होती, सोलापुरात जाहिरात विकणारा माणूस सराफाला किंवा साड्यांच्या दुकानदाराला नियमित आकडा दाखवूच शकत नाही, मग तो 'सगळ्यात हिट गाणी आमच्याकडं' हेच विकतो. समोरचाही तेच विकतो.

म्हणून इथली स्पर्धा गाण्यात नाही, दोन गाण्यांच्या मधल्या तीस-चाळीस सेकंदांत आहे, ज्याला 'लिंक' म्हणतात. तिथं आरजे 'काय बे', 'लई' असलं सोलापुरी बोलतो, जानेवारीत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांवर बोलतो, उन्हाळ्यात उकाड्यावर आणि पाण्याच्या रोटेशनवर. चॅनल ओळखायचं ते यावरूनच. पण पूर्व भागात यंत्रमागावर, विडी वळताना घराघरात तेलुगू चालतं, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि लिंकमध्ये या भाषा आल्याच तर चेष्टेपुरत्या. हे मला खटकतं, गणित समजलं तरी खटकतं.

सोलापूर आकाशवाणी या गणिताबाहेर आहे, तिला जाहिरातीचा हिशोब तेवढा कडक नाही, त्यामुळं शेतीचे कार्यक्रम, भजनं, भावगीतं तिथं टिकली. पण सरकारी मक्तेदारी म्हणजे आपोआप विविधता असंही नाही, माहिती मंत्री बा. वि. केसकरांच्या काळात, 1952 नंतर, आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गेलीच होती आणि देश रेडिओ सिलोन ऐकायला लागला, मग ऑक्टोबर 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली.

खासगी स्टेशनांवर जाहिरातींच्या ब्रेकचंही गाण्यांसारखंच आहे, तासाची घड्याळं सगळ्यांची सारखी असल्यानं ब्रेक साधारण एकाच सुमारास येतात, जाहिरात टाळायला चॅनल बदलावं तर तिकडं दुसरी जाहिरात, कधी कधी तर त्याच दुकानाची.