एरंडीच्या बीतलं विष आणि पेशीत औषध न्यायची आयडिया

शिरपूरकडं फार्मसीची पोरं भरपूर, त्यामुळं हा प्रश्न सारखा येतो की भाऊ, इन्सुलिन पण पेप्टाइडच (अमिनो आम्लांची छोटी साखळी) ना, मग ते चालतं तर बाकीच्यांना कॅरियर प्रोटीन, म्हणजे औषध पेशीत नेणारं प्रोटीन, कशाला? तर इन्सुलिनला पेशीच्या आत जायचंच नसतं, पेशीबाहेरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) चिकटलं की काम सुरू. ज्याचं टार्गेट आत आहे त्याला मात्र पेशीचं चरबीचं आवरण, म्हणजे मेंब्रेन, आडवं येतं.

यावरचा तोडगा निसर्गात आधीपासून होता, आणि तो विषात होता. आपल्याकडं बांधावर एरंडी दिसते ना, तिच्या बीतलं रायसिन हे विष १८८८ मध्ये स्टिलमार्क या संशोधकानं वेगळं केलं. त्याच्या ए आणि बी अशा दोन साखळ्या, बी साखळी पेशीवरच्या साखरेला धरते आणि ए साखळी आत जाऊन रायबोझोम (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) निकामी करते, म्हणजे अर्धं प्रोटीन नुसतं आत न्यायच्या कामाचं. घटसर्पाचं विषही साधारण तसंच, आणि त्याचा पेशी मारणारा भाग ठेवून पत्ता बदलला, ठराविक पेशींना चिकटणारं इंटरल्युकिन-२ हे प्रोटीन जोडलं, तर त्वचेच्या एका लिम्फोमावर (कॅन्सरवर) औषध झालं, अमेरिकेत १९९९ ला मंजूर.

दुसरा धागा चार्जचा. १९६५ ला रायझर आणि हॅनकॉक या संशोधकांनी दाखवलं की हिस्टोनसारखी पॉझिटिव्ह चार्जची प्रोटीनं मिसळली की कॅन्सरच्या पेशी अल्ब्युमिन हे प्रोटीन जास्त आत ओढतात. तेव्हा फार गाजावाजा झाला नाही. मग १९८८ ला दोन वेगवेगळ्या गटांना दिसलं की एचआयव्हीचं टॅट प्रोटीन स्वतःच पेशीत शिरतंय, १९९४ ला फळमाशीच्या अँटेनापीडिया प्रोटीनमधला १६ अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो हे कळलं, आणि १९९९ ला डाउडी या संशोधकाच्या लॅबनं टॅटचा छोटा तुकडा लावून भलंमोठं एन्झाइम उंदराच्या मेंदूपर्यंत नेलं, मग काय, सगळेच टॅटच्या मागं.

२००३ ला मात्र हवा गेली. पेशी मायक्रोस्कोपसाठी फिक्स करताना (रसायनानं मारून जशाच्या तशा ठेवताना) पेप्टाइड आत पसरतं आणि जिवंत पेशीतही तसंच आहे असं वाटतं, हे लब्लू या संशोधकाच्या गटानं दाखवलं. गंमत म्हणजे टॅटचा छोटा तुकडा पुरतो हे १९९७ ला सांगणारेही हेच, माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात प्रामाणिक काम हे. खरं तर बराचसा माल एंडोसोममध्येच (बाहेरचा माल आत घेणाऱ्या पेशीतल्या पिशवीत) अडकतो, रावेरच्या केळीचा ट्रक नाक्यावर अडकून माल सडावा तसा, कारण पुढं लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनाच्या पिशवीत) त्याचं पचनच होतं. घटसर्पाच्या विषाला यातून सुटता येतं, एंडोसोम आम्लधर्मी झाला की त्याचा एक भाग मेंब्रेनमध्ये घुसून वाट करतो. टॅटला ते तितकं जमत नाही.

तरी माणसांवर ट्रायल झालीच. पक्षाघातासाठी टॅटचा तुकडा जोडलेलं नेरिनेटाइड हे पेप्टाइड १,१०५ पेशंटच्या ट्रायलमध्ये तपासलं, २०२० ला निकाल आला, एकूणात फायदा नाही. ज्यांना रक्ताची गाठ विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध दिलं नव्हतं त्यांच्यात थोडी आशा दिसली, कारण अल्टेप्लेजमुळं तयार होणारं प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम नेरिनेटाइडला रक्तातच तोडून टाकतं, पेशीच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच.