नागफणीचा फडा लावताय? पाण्याचा मग्गा आधी बाजूला ठेवा

आमच्या इंदुरात ज्याच्या गच्चीवर चार गमले आहेत त्याच्याकडे एक तरी नागफणी, म्हणजे आपला फड्या निवडुंग, असतोच, आणि कोणी मागितला की एक फडा तोडून देतात. घेणारा तो घरी नेऊन लगेच मातीत खुपसतो, वरून मग्गाभर पाणी, आणि पंधरा दिवसांत फडा बुडाशी पिवळा, मग लिबलिबीत, मग वास. वर "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत". अहो हाताचं काही नाही, सगळं त्या पाण्याचं आहे.

फडा पानासारखा दिसतो पण ते चपटं झालेलं खोड आहे, पानांचे झालेत काटे. काट्यांच्या बुडाशी जो ठिपका दिसतो तिथे झोपलेला डोळा असतो, मातीत गेला तर तिथून मुळं निघू शकतात, वर राहिला तर नवा फडा किंवा फूल. आणि जे झाड होतं ते मूळ झाडाची हुबेहूब जनुकीय कॉपी, फडा देणाऱ्या काकूंकडे पिवळी फुलं तर तुमच्याकडेही पिवळीच.

फडा निदान वर्षभराचा, टणक घ्या, सांध्यावर स्वच्छ सुरीने कापा. धरायला चिमटा किंवा जाड घडी केलेला पेपर, कारण मोठ्या काट्यांपेक्षा ते केसासारखे बारीक काटे जास्त छळतात, त्यांना उलटे दाते असतात. कापल्यावर पांढरा चीक आला तर ती नागफणी नाहीच, बहुधा थोर नावाचं वेगळं झाड आहे, तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

आता खरं काम, म्हणजे काहीच न करणं. फडा सावलीत, वारा लागेल असा आठ-दहा दिवस ठेवून द्या, जाड असेल तर दोन आठवडे. कापलेल्या जागी बुचाचा पातळ थर येतो, खपली धरते, मग मातीतली बुरशी सहज आत शिरत नाही. इथे लोकांचा धीर सुटतो, वाटतं वाळून मरेल. मरत नाही हो. बहुतेक झाडं कार्बन डायऑक्साइड घ्यायला दिवसा छिद्रं उघडतात आणि त्यात पाणी उडतं, हा मात्र रात्री उघडतो, तो वायू मॅलिक ॲसिड करून साठवतो आणि दिवसा दारं लावून उन्हात त्याची साखर करतो, म्हणून पहाटे फड्याचा रस संध्याकाळपेक्षा आंबट असतो. फारच कोरड पडली तर रात्रीही छिद्रं बंद, आणि स्वतःच्याच श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड परत वापरायचा! शिवाय आतला चिकट गर पाणी धरून असतोच.

माळव्याची काळी माती सोयाबीनला झकास पण याला नको, पाणी धरून बसते. निम्म्याहून जास्त रेती किंवा विटांचा चुरा घाला, गमल्याला भोक हवंच. फडा उभा, खालचा पाव भाग मातीत, पडत असेल तर दगडाचा टेका. पहिलं पाणी आठवड्याने आणि तेही थोडंसं. महिन्याभराने हलकेच ओढून बघा, अडला तर मुळं धरली. फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबर बरा, जुलै-ऑगस्टमध्ये नादी लागू नका.

पुढे कधी फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग आला तर ती कोचिनिल कीड, जुन्या टूथब्रशने घासून काढा.

उरलेले फडे मात्र नाल्याकाठी फेकायचे नाहीत. ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेला निवडुंग असाच तुटक्या तुकड्यांतून आणि बियांतून पसरत गेला आणि 1920 च्या दशकापर्यंत त्याने सुमारे 2.4 कोटी हेक्टर जमीन व्यापली, शेवटी अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणून त्याच्या अळ्यांकडून तो खाववावा लागला. तेव्हा बारीक तुकडे करा, गच्चीवर कडकडीत वाळवा, मग कचऱ्याच्या गाडीत.