सेवक आणि सेविका: कोल्हापूरच्या मंडळ्यांतील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील ख्रिस्ती मंडळ्यांत (स्थानिक चर्चसमुदायांत) रविवारच्या उपासनेला अनेक स्त्रिया डोक्यावर पदर घेऊन येतात, गीते उचलून धरतात आणि शास्त्रपाठाचे वाचनही करतात. प्रभुभोजनाची (येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण करणाऱ्या संस्काराची) भाकर मोडणारा हात मात्र बहुतेक वेळा पुरुषाचाच असतो. स्त्रीने उपासनेत बोलावे की नाही, हा वाद बऱ्याच मंडळ्यांत केव्हाच मागे पडला आहे. संस्कार चालवण्याचा आणि मंडळीचा कारभार पाहण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न उरला आहे.

मूळ अडचण बायबलच्या नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांतच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे असे तो सांगतो, म्हणजे ती मंडळीत बोलते हे त्याने गृहीत धरले आहे. त्याच पत्राच्या 14व्या अध्यायात मात्र स्त्रियांनी सभेत गप्प राहावे, असे वचन येते. स्त्रीने पुरुषाला शिकवू नये, या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील निर्बंधाचा आधार या दुसऱ्या वचनाला मिळाला आणि शतकानुशतके चर्चचे नियम त्यावरच उभे राहिले. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर पदर घेण्याची रीत आधीपासूनच होती, त्यामुळे करिंथची आज्ञा येथे परकी वाटली नाही. पण घरातली मर्यादा आणि शास्त्रातला आदेश एकमेकांत इतके मिसळले की कोणते कुठून आले हे वेगळे काढणे अवघड झाले.

कोल्हापुरात रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी 1852 मध्ये मिशनचे काम सुरू केले आणि 1870 मध्ये ते काम अमेरिकेतील प्रेसबिटेरियन (निवडलेल्या वडिलांमार्फत कारभार चालवणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चच्या) बोर्डाकडे गेले. योगायोग असा की त्याच वर्षी फिलाडेल्फियात त्या चर्चच्या स्त्रियांनी परदेशी मिशनकार्यासाठी स्वतःची संस्था काढली. शाळा, दवाखाने आणि घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या ‘बायबल बाया’ यांच्यासाठी लागणारा पैसा व माणसे उभी करण्यात अशा संस्थांचा वाटा मोठा होता. कोल्हापुरातील एस्थर पॅटन हायस्कूल आणि मेरी वॉनलेस हॉस्पिटल ही नावे त्या काळाची आठवण देतात. ज्या घरात पुरुष उपदेशकाला उंबरठा ओलांडता येत नसे, तेथे बायबल बाई माजघरात बसून शिकवत असे. तरीही ज्या चर्चने तिला पाठवले, त्या चर्चमध्ये ‘वडील’ (मंडळीचा कारभार पाहणारे पदाधिकारी) म्हणून निवडून येण्याचा हक्क स्त्रियांना 1930 मध्ये आणि पाळकपदाची (धर्मोपदेशकपदाची) दीक्षा 1956 मध्ये मिळाली. आधी काम पूर्णपणे सोपवायचे आणि पद दोन-तीन पिढ्यांनी द्यायचे, हा क्रम मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

मराठी ख्रिस्ती स्त्रीने चर्चच्या अधिकाराला थेट प्रश्न विचारल्याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी तेथील तरुण पुरुषांना शिकवावे, अशी सूचना निघाली, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने भर सभांत शास्त्र्यांसमोर पुराणे सांगितली होती, तिला पुरुषांना शिकवू नये असे सांगण्यात आले. आपण मोठ्या कष्टाने पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले आहे आणि तसेच दुसरे जोखड घेण्याची आपली तयारी नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी 1885 मध्ये वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांना लिहिले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि तेथील छापखान्यात ते स्त्रियांच्याच हातून छापले गेले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना कोणत्याही चर्चने दीक्षा दिली नव्हती. शास्त्राचा अर्थ लावण्याचे काम मात्र त्यांनी केले, आणि दीक्षेपेक्षा ते कमी नाही.

स्वातंत्र्यानंतर चर्चऐक्याने चौकट बदलली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात बिशपची परंपरा आणि प्रेसबिटेरियन वडिलांची परंपरा या दोन्हींचा मेळ घालावा लागला. दक्षिणेकडील चर्चने (चर्च ऑफ साउथ इंडियाने) 1976 मध्ये पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली आणि 2013 मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना दीक्षा देणे 1980च्या दशकात सुरू झाले. कॅथलिक चर्चची भूमिका वेगळी आहे: 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना धर्मगुरुपद देता येत नाही असे स्पष्ट केले, तर 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही पदे त्यांना रीतसर खुली केली.

नियम खुला झाला तरी स्त्रीला पाळक म्हणून स्वीकारणे मंडळीच्या मनावर राहते, आणि मनावर भाषेचाही परिणाम होतो. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीतील फीबीसाठी पौलाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच तो इतरत्र स्वतःसाठी आणि मंडळीच्या पदाधिकाऱ्यांसाठीही वापरतो. मराठीत त्याचे ‘सेवक’ आणि ‘सेविका’ असे सरळ रूप होते. आपण मात्र पहिला शब्द पद म्हणून ऐकतो आणि दुसरा काम म्हणून.