‘द गॉसिप’ आणि ‘दोज गॉसिपिन मेन’: एकाच वादाचे दोन वेगळे खेळ

जुन्या अमेरिकी विनोदी मालिका आवडीने पाहणारे प्रेक्षक मराठवाड्यातही आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात दोन भागांची सरमिसळ होताना दिसते. पहिला आहे ‘आय लव्ह ल्युसी’ या मालिकेतला मार्च 1952चा ‘द गॉसिप’ आणि दुसरा आहे ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधला जानेवारी 1961चा ‘दोज गॉसिपिन मेन’. दोन्ही मालिका सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाहिनीच्या, दोन्ही भाग आपापल्या मालिकेच्या पहिल्या हंगामातले, दोन्ही कृष्णधवल, आणि दोन्हींच्या मुळाशी वाद एकच, तो म्हणजे इकडच्या तिकडच्या गोष्टी बायका जास्त करतात की पुरुष. एवढे साम्य असल्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सांगितली जाणे साहजिक आहे. तरीही अफवा म्हणजे काय, याविषयी हे दोन भाग अगदी निरनिराळे सांगतात आणि तो फरक कळला की दोन्ही पाहण्यातली गोडी वाढते.

‘द गॉसिप’मध्ये गोष्ट चार माणसांत घडते. न्यूयॉर्कमधल्या इमारतीत राहणारे ल्युसी आणि रिकी, त्यांचे घरमालक आणि शेजारी फ्रेड आणि एथेल, एवढेच मुख्य खेळाडू. कोण आधी तोंड उघडतो यावर नवऱ्यांची आणि बायकांची पैज लागते. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला महिनाभर अंथरुणात न्याहारी आणून द्यायची. मग रिकी झोपेत बरळल्याचे सोंग घेऊन शेजारीण आणि दूधवाला यांच्या प्रेमप्रकरणाची पुडी सोडतो. ती बातमी पोटात ठेवताना ल्युसीचा जो कोंडमारा होतो, तो ल्युसीचे काम करणाऱ्या ल्युसिल बॉल यांनी नुसत्या चेहऱ्यावर दाखवला आहे. येथे अफवा हे मुद्दाम लावलेले आमिष आहे. ती कोणी सोडली, कोणासाठी सोडली हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते.

‘दोज गॉसिपिन मेन’मधली, मेबेरी या नॉर्थ कॅरोलायनातल्या काल्पनिक गावातली गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. डेप्युटी बार्नी फाइफच्या बोटाला किरकोळ जखम होते. ही बातमी फोनवरून एका बाईकडून दुसरीकडे जाता जाता इतकी वाढते की शेवटी शेरीफ, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख आणि बार्नीचा वरिष्ठ, अँडी टेलरच्या कानावर बार्नी गेल्याचेच येते. या साखळीत खोटे असे कोणीच बोललेले नसते. प्रत्येकीने ऐकले त्यात काळजीपोटी थोडे घातलेले असते आणि तेवढे पुरते. त्यानंतर अँडी बायकांची थट्टा करतो, आणि त्याची बी आत्या पुरुषांनाही त्याच वाटेने चालवून दाखवते: हॉटेलात उतरलेला बुटांचा विक्रेता हा प्रत्यक्षात न्यूयॉर्कहून आलेला, टीव्हीसाठी कलाकार हेरणारा माणूस आहे, असा समज पुरुषमंडळींत पसरतो. मग जो तो बूट घेण्याच्या निमित्ताने त्याच्या खोलीत जातो आणि आपली किंवा आपल्या पोराची कला दाखवून येतो. त्या बिचाऱ्याला आपली विक्री एकाएकी इतकी का वाढली हेच उमगत नाही.

माझ्या मते खरा भेद या जागी आहे. ल्युसीच्या घरातली अफवा एका माणसाच्या हातात राहते. मेबेरीतली अफवा गावाच्या हातात जाते आणि तिचा धनी उरत नाही. तालुक्याच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे एखाद्या घरापुढे पाहुण्यांची जीप थांबली, की आत पोह्यांच्या ताटल्या फिरतात तोवर समोरच्या ओट्यावर मुलाची नोकरी, शेती आणि मामाचे गाव यांची चर्चा झालेली असते. संध्याकाळी कटिंगच्या दुकानात सुपारी फुटल्याचे कळते, आणि दुसऱ्या दिवशी मोंढ्यात मुलीच्या वडिलांना तारीख विचारली जाते. ते ‘अजून काही ठरले नाही’ म्हणतात, तर लोक समजून घेतल्यासारखे हसतात. खुद्द घरच्यांचा नकारही अफवेला पुष्टीच देतो, कारण गावाला ते स्थळ जमावे असे मनापासून वाटत असते. मेबेरीतल्या फ्लॉइड न्हाव्याचे दुकान पाहताना म्हणूनच मला मुळीच परके वाटत नाही.

हाच भेद प्रेमाच्या बाबतीत अधिक ठळक होतो. ल्युसी आणि रिकी विवाहित आहेत. दूधवाल्याचे प्रकरण त्यांच्या संसाराबाहेरचे आणि केवळ पैजेपुरते आहे. अँडी मात्र विधुर आहे, त्याला ओपी नावाचा लहान मुलगा आहे, आणि त्याचे पुन्हा लग्न व्हावे ही गावाची हौस आहे. दुसऱ्या हंगामातल्या 1962च्या एका भागात क्लारा ही मैत्रीण बी आत्याच्या मनात भरवते, की तूच घर सांभाळतेस म्हणून अँडी लग्नाचे मनावर घेत नाही. हे ऐकून बी आत्या फ्रेड गॉस या ड्रायक्लीनिंगवाल्यावर आपले प्रेम असल्याचे भासवू लागते, तेही केवळ भाच्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. कुचाळकीतून जन्मलेला हा त्याग पाहताना हसू येते आणि घशात आवंढाही येतो. पैजेच्या गोष्टीत अशी जागाच निघत नाही, कारण तेथे ऐकलेल्या गोष्टीमुळे कोणाला आपले आयुष्य बदलावे लागत नाही.

या फरकाचे एक कारण चित्रीकरणाच्या पद्धतीतही आहे. ‘आय लव्ह ल्युसी’ प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित होत असे, त्यामुळे दिवाणखाना, स्वयंपाकघर अशा ठरावीक नेपथ्यात चार नटांच्या झटापटीवर सारा भार पडे. ‘द अँडी ग्रिफिथ शो’ एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित होई आणि हशा मागाहून जोडला जाई. त्याच्या बाहेरच्या दृश्यांसाठी कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीतल्या ‘फॉर्टी एकर्स’ या जागी रस्ता, दुकाने आणि घरे उभी होती. बातमीला एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला खरोखरीचा रस्ता मिळाला, म्हणून ती रंगली. गंमत म्हणजे दोन्ही मालिकांचे चित्रीकरण डेसिलू या एकाच स्टुडिओशी जोडलेले आहे.

ज्यांनी दोन्ही भाग पाहिलेले नाहीत, त्यांनी आधी ल्युसीचा पाहावा, कारण त्यातला खेळ आखीव आहे आणि तो एका बैठकीत पुरता कळतो. मेबेरीचा भाग मात्र एकटा पाहू नये. अँडीचे औषधांच्या दुकानातल्या एली वॉकरशी जुळू पाहणारे नाते, पुढे 1963पासून आलेली शिक्षिका हेलन क्रम्प, बार्नी आणि थेल्मा लू यांची जोडी, आणि पडद्यावर कधीच न दिसणारी टेलिफोन ऑपरेटर सारा, हे सारे ओळखीचे झाले, की कोणाच्या तोंडून निघालेली बातमी कोणाच्या जिव्हारी लागेल याचा अंदाज आपल्यालाही येऊ लागतो. अँडी आणि हेलन यांचे लग्न पाहायला तर मूळ मालिका संपल्यावर सप्टेंबर 1968मध्ये सुरू झालेल्या ‘मेबेरी आर. एफ. डी.’ या पुढच्या मालिकेच्या पहिल्या भागापर्यंत जावे लागते.