राग जरूर ऐका, गोळी मात्र सोडू नका
‘अमका राग रोज ऐका, डिप्रेशनची गोळी सुटेल’ हा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. हे खरं नाही. पंचवटीतल्या माझ्या मावशीने तो वाचून गोळ्या परस्पर बंद केल्या. आठवड्यात चक्कर, चिडचिड, झोप उडालेली. रेडिओ मात्र उशाशी चालूच. गाण्याने धीर येतो, हे मी गोदाघाटावरच्या पहाटेच्या भजनात स्वतः अनुभवलंय. उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातही नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यावर नैराश्याची लक्षणं अधिक कमी झालेली दिसली. जोड दिल्यावर, उपचार सोडून नव्हे. गोळीचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.