संगमरवराची साखर होते तेव्हा

अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या दफनभूमीत दीडशे वर्षांपूर्वीच्या सैनिकाच्या स्मृतिशिलेवरून बोट फिरवलं, की बोटाला पांढरे कण लागतात. अगदी साखरेसारखे. तिथले जाणकार त्याला ‘शुगरिंग’च म्हणतात. कुणी जोरात घासलं नाही, हातोडा मारला नाही, तरी दगड सुटा होत चाललेला असतो. माजी सैनिकांची थडगी साफ करायला सुटीच्या दिवशी बादली-ब्रश घेऊन येणाऱ्या स्वयंसेवकांनी आधी हे बोट फिरवून पाहावं. ज्या दगडाची साखर होते आहे, त्याला त्या दिवशी ब्रश लावायचाच नाही.

ही साखर होते कशी? संगमरवर म्हणजे कॅल्साइटचे एकमेकांत घट्ट बसलेले स्फटिक. कॅल्साइटची एक विचित्र खोड आहे. तापला की तो एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्या आडव्या दिशेने चक्क आकुंचन पावतो. दगडात असे असंख्य स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. दुपारी ऊन तापलं की प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलतो, नाहीतर त्याच्यापासून दूर सरकतो. रात्री दगड थंड होतो तेव्हा पुन्हा जुन्या जागी येऊ पाहतो, पण पुरता येत नाही. हजारो दिवसांनी कणांमधले सांधे सैल होतात, त्यांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं, आणि कण गळायला लागतात.

मुळात संगमरवर निवडला कुणी? अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर (१८६१–६५) सैनिकांच्या थडग्यांवर लाकडी फळ्या होत्या. त्या काही वर्षांतच कुजायच्या आणि पुन्हा नव्या लावाव्या लागायच्या. शेवटी १८७३ मध्ये पहिली सरकारी दगडी रचना ठरली. सुमारे २५ सेंटीमीटर रुंद, १० सेंटीमीटर जाड, जमिनीवर जेमतेम ३० सेंटीमीटर, आणि दर्शनी बाजूला खोलगट ढालीत कोरलेलं नाव. ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या वाट्याला १५ सेंटीमीटर चौरसाचा एक ठोकळा आला, वर फक्त क्रमांक. १८७९ मध्ये खाजगी दफनभूमीतल्या बिनखुणेच्या सैनिकांनाही सरकारी दगड मिळू लागला. म्हणूनच आज गावोगावच्या दफनभूमींत हे एकसारखे पांढरे दगड दिसतात.

लाकडापेक्षा दगड टिकाऊ, हे खरंच. पण संगमरवर उघड्यावर किती टिकतो याचं उत्तर त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मिळत होतं. आर्चिबाल्ड गीकी हा भूवैज्ञानिक एडिंबरातली चर्चची आवारं पालथी घालत होता. थडग्यावर साल कोरलेलं असतं, म्हणजे दगड उघड्यावर कधीपासून आहे हे आयतंच कळतं. झीज मोजायला यापेक्षा सोयीचा प्रयोग कुठे मिळणार? १८८० मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. कोळशाच्या धुराने भरलेल्या त्या शहरात संगमरवराची लादी शंभर वर्षंसुद्धा धड काढू शकत नव्हती.

कारण आम्ल. स्वच्छ हवेतला पाऊसही किंचित आम्लधर्मी असतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा सामू साधारण ५.६ असतो. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्यात मिसळला की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते कॅल्साइटचं जिप्सम करतं. जिप्सम पाण्यात कॅल्साइटच्या शंभरपटीहून जास्त विरघळतं. दगडाच्या ज्या बाजूवर पाऊस थेट पडतो तिथलं जिप्सम धुऊन जातं आणि अक्षरं पुसट होतात. आडोशाच्या बाजूला ते साचतं, काजळी धरतं आणि काळी खपली बनते. काळी बाजू घाणेरडी दिसते खरी, पण कित्येकदा अक्षरं तिथेच जास्त शिल्लक असतात. खपली ओढून काढली, तर अक्षरंही तिच्याबरोबर निघून येतात.

काही जुन्या संगमरवरी दगडांवर अक्षरं शिशाची असतात. बसवताना शिसं आणि दगड एका पातळीत होते. दगड विरघळत मागे सरकतो, शिसं तिथेच राहतं. या दोन पातळ्यांमधलं अंतर मोजून वर्षांनी भागलं, की झिजेचा वेग हातात येतो. शाळकरी मुलांनाही जमेल असं मोजमाप आहे हे.

आता ब्लीच. सद्हेतूने केलेल्या नुकसानात याचा नंबर पहिला. कपडे पांढरे होतात, फरशी पांढरी होते, मग दगड का नाही? होतो की, चार दिवस. पण संगमरवराला सूक्ष्म छिद्रं असतात. ब्लीच त्यांत शिरतं, आपलं काम करून क्षार मागे ठेवतं. पाणी सुकताना या क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि आतून दगड फोडतात. तारेच्या ब्रशची गत याहून वाईट. कॅल्साइटची कठीणता मोह्‌स मापनात (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) ३, पोलाद त्याच्या बरंच वर. उच्च दाबाच्या फवाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

लुइझियानामधल्या राष्ट्रीय जतन तंत्रज्ञान केंद्राने सरकारी स्मृतिशिलांवर वेगवेगळ्या क्लीनरांची तुलना केली. तिथून पुढे आलेली पद्धत जवळजवळ आळशी वाटावी इतकी साधी आहे. दगड आधी पाण्याने पूर्ण भिजवायचा, म्हणजे छिद्रं पाण्याने भरतात आणि रसायन खोल जात नाही. मग मऊ ब्रशने खालून वर घासायचं, कारण वरून खाली आलात तर मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडतात. त्यानंतर ‘डी-टू’सारखं चतुर्थक अमोनियम संयुगांचं जीवनाशक, म्हणजे शेवाळ-दगडफूल मारणारं रसायन, फवारायचं आणि घरी जायचं. मधल्या काळात दगड कधीकधी नारिंगी दिसू लागतो आणि नव्या स्वयंसेवकांची पाचावर धारण बसते. काही बिघडलेलं नसतं. शेवाळ आणि दगडफूल मरतं, सुकतं, आणि पुढच्या काही महिन्यांत पाऊसच ते धुऊन नेतो.

दगडफुलाबद्दल मात्र माझ्या मनात थोडा हळवा कोपरा आहे. बुरशी आणि शैवाल यांचा हा संयुक्त संसार ऑक्झॅलिक आम्ल सोडतो, त्याचे धागे कणांच्या मधोमध घुसतात, म्हणजे दगडाचा तो शत्रूच. पण त्याच्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वाढतात. रोलांड बेशेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास थडग्यांवरच्या तारखा आणि दगडफुलांचे व्यास यांची सांगड घातली. त्यातूनच हिमनद्यांनी मागे सोडलेल्या दगडांचं वय काढण्याची पद्धत उभी राहिली. सगळं खरवडून काढण्याआधी एक फोटो तरी काढून ठेवावा.

नाव वाचता येत नसेल, तर पीठ, खडू किंवा शेव्हिंग क्रीम चोळायचा मोह होतो. पीठ म्हणजे बुरशीला मेजवानी, आणि शेव्हिंग क्रीममध्ये आम्लं असतात. त्यापेक्षा एक आरसा घ्या. सूर्यप्रकाश दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पडेल असा वळवा. अर्धा मिलिमीटर खोल उरलेल्या अक्षरांचीही सावली लांब पडते आणि समोरून कोरा दिसणारा दगड वाचता येतो.

दगडच नसेल तर? थडगं खणताना मातीचे थर मोडतात आणि ते पुन्हा पूर्वीसारखे बसत नाहीत. लाकडी पेटी कोसळली की वरची जमीन खचते. अनुभवी माणसं पोलादी सळई हलक्या हाताने टोचून मातीचा भुसभुशीतपणा ओळखतात. भूभेदी रडार हेच काम न टोचता करतं. ढकलगाडीसारखं यंत्र जमिनीत रेडिओ तरंग सोडतं. मातीत ते नॅनोसेकंदाला साधारण दहा सेंटीमीटर जातात, म्हणजे दीड मीटर खोल जाऊन परत यायला जेमतेम तीस नॅनोसेकंद. यंत्र खाली दडलेल्या वस्तूच्या नेमकं वर पोहोचण्याआधीच तिला तिरकं ‘पाहतं’, तेव्हा अंतर जास्त भरतं. जवळ गेल्यावर कमी, पुढे गेल्यावर पुन्हा जास्त. म्हणून पडद्यावर एक उलटी वाटी उमटते. अशा वाट्या ओळीने, सारख्या अंतरावर आल्या, की तिथे छोटे झेंडे रोवतात. ओलसर चिकणमाती हे तरंग गिळून टाकते, तिथे यंत्र हतबल. हाडं तर यात सहसा दिसतच नाहीत, दिसतो तो मोडलेला थर किंवा पोकळी.

त्यामुळे रडार ‘इथे कुणीतरी आहे’ एवढंच सांगतं. कोण, हे दफन नोंदवही, निवृत्तिवेतनाची कागदपत्रं आणि जुने नकाशे शोधून ठरवावं लागतं. तेवढा पुरावा जमला, तर सरकार नवा दगड मोफत देतं. ज्या सैनिकाची सेवा ६ एप्रिल १९१७ पूर्वीची आहे, त्याच्यासाठी कुणीही अर्ज करू शकतो, तो त्याचा वारस असण्याची गरज नाही. आजचा उभा संगमरवरी दगड १०७ सेंटीमीटर लांब असतो आणि त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास. खाजगी दफनभूमीत तो बसवण्याचा खर्च सरकार देत नाही, ते काम पुन्हा स्वयंसेवकांकडेच येतं. सिमेंट मात्र ओतायचं नाही. ते दगडाहून कडक असतं. जमीन हलली की सिमेंट तसंच राहतं आणि दगडाचा तुकडा पडतो. खड्ड्याच्या तळाशी खडी घालायची, पाणी निचरून जायला. मग दोघा-तिघांनी दगड उभा धरायचा आणि एकाने पाणसळ लावून तो ओळंब्यात आहे का बघायचं.